नव्या यंत्रावर जुनीं अक्षरें

छापखान्याचा धंदा बाहेरून पाहणाऱ्यास शाईचा आणि कागदाचा वाटतो; परंतु छापखानदाराच्या दृष्टीनें तो पुष्कळसा सांठवणीचा धंदा आहे. एकदां जुळविलेला मजकूर पुन्हां जुळवावा लागूं नये, ही त्याची फार जुनी इच्छा. खिळ्यांच्या काळीं ती पुरी होत नसे. पुस्तक छापून झालें कीं जुळलेलीं पानें मोडावीं लागत आणि खिळे धुऊन आपापल्या खणांत टाकावे लागत. कारण पुढच्या पुस्तकास तेच खिळे हवे असत. संगणक आल्यावर ही अडचण कायमची संपली असें सर्वांस वाटलें. पान एकदां तयार करून ठेवावें आणि दहा वर्षांनीं उघडून पुन्हां छापावें, यांत आतां कसली आडकाठी? पण दहा वर्षें उलटलीं, वीसहि उलटलीं, आणि आडकाठी निराळ्याच बाजूनें उभी राहिली. पान जागच्या जागीं आहे. तें उघडणारें यंत्र मात्र राहिलें नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड हें जगबुडी नदीच्या कांठचें, मुंबई-गोवा हमरस्त्यावरचें तालुक्याचें गांव. अशा गांवच्या छापखान्यांत लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, शाळांचे वार्षिक अंक असें नित्याचें काम चालतें. आणि अधूनमधून एखादें असें पुस्तक निघतें कीं तें त्या पंचक्रोशीबाहेर कोठेंच मिळावयाचें नाहीं. समजा, अशा एका शाळेनें १९९९ सालीं आपला सुवर्णमहोत्सवी अंक काढला. त्यांत पहिल्या शिक्षकांच्या आठवणी आहेत, देणगीदारांचीं नांवें आहेत, कौलारू इमारत कशी उभी राहिली त्याची हकीकत आहे. ज्यांनीं ती सांगितली त्यांपैकीं आज फारसें कोणी हयात नाहीं. शाळेस पंचाहत्तर वर्षें पुरी झालीं म्हणून तो अंक नव्या भरीसह पुन्हां छापावा, असें मंडळींच्या मनांत आलें. छापखानदारानें कपाटांतून सीडी काढली. सीडीवर फाईलहि सांपडली. पण नव्या संगणकास ती ओळखतां येईना. हा प्रसंग कल्पिलेला असला, तरी महाराष्ट्रांतील कोणत्याहि छापखानदारास तो परका वाटणार नाहीं.

ती फाईल बहुधा पेजमेकरची असते. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं पॉल ब्रेनर्ड यांनीं काढलेल्या आल्डस या कंपनीनें १९८५ सालीं हा प्रोग्राम प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठीं बाजारांत आणला. मजकूर, चित्रें, रेघा आणि स्तंभ पडद्यावर मांडून पान जसेंच्या तसें छापावयाचें, ही कल्पना त्यानें घरोघरच्या छोट्या छापखान्यांपर्यंत पोंचविली. १९९४ सालीं आल्डस कंपनी ॲडोबीनें घेतली. पेजमेकरची सातवी आवृत्ति २००१ सालीं निघाली, आणि त्यानंतर नवी पूर्ण आवृत्ति निघाली नाहीं. कारण ॲडोबीनें १९९९ पासून इनडिझाईन हा दुसरा प्रोग्राम पुढें आणला होता. कंपनीच्या लेखीं पेजमेकर संपला. मराठी छापखान्यांत मात्र तो संपला नाहीं. जुळणी करणाऱ्यांचीं बोटें त्यास सरावलेलीं, जुन्या गिऱ्हाइकांच्या फाईली त्यांतच, आणि मराठी फाँटांचे महागामोलाचे संच त्यासाठींच घेतलेले. शिवाय २०१३ पासून ॲडोबीनें आपलीं नवीं साधनें एकदम विकण्याऐवजीं वर्गणीवर देण्याची रीत पाडली. ज्यानें घर विकत घेतलें त्यास भाड्याच्या घरांत जाणें सहसा रुचत नाहीं. म्हणून जुना प्रोग्राम जुन्या संगणकावर चालत राहिला, आणि तो संगणक बंद पडेपर्यंत प्रश्न उद्भवला नाहीं.

प्रश्न समजण्यासाठीं संगणकांतील एक व्यवस्था ध्यानांत घ्यावी लागते. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे छापखान्यांत सर्वत्र दिसणारी विंडोज, ही घरांतील कारभाऱ्यासारखी असते. प्रोग्राम हे तिच्या हाताखालचे कामगार. कागद, शाई, कपाटें, दारें, सर्व कांहीं कारभाऱ्याच्या ताब्यांत. कामगारानें मागावें आणि कारभाऱ्यानें द्यावें. जुन्या कामगारास जुन्या कारभाऱ्याच्या चालीरीति ठाऊक असतात. कारभारी बदलला म्हणजे त्याची पंचाईत होते. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. म्हणजे बारा वर्षांच्या आंत तीन कारभारी निवृत्त झाले, आणि नवा संगणक घेणाऱ्यास चौथ्याशीं जुळवून घेणें भाग पडलें.

पंचाईत तीन ठिकाणीं होते. पहिली परवानगीची. पूर्वींचे प्रोग्राम आपल्या नोंदी घरांत कोठेंहि लिहून ठेवीत. २००७ सालीं आलेल्या विंडोज व्हिस्टापासून कारभाऱ्यानें मुख्य कपाटास कुलूप लावलें. त्यांत लिहावयाचें तर प्रमुखाची परवानगी पाहिजे. दुसरी अडचण पिढीची. विंडोज ३.१ च्या काळचे प्रोग्राम सोळा बिटांच्या रचनेचे, पुढचे बत्तीस बिटांचे, आणि आजचे चौसष्ट बिटांचे. चौसष्ट बिटांची विंडोज बत्तीस बिटांचा प्रोग्राम चालविते, सोळा बिटांचा चालवीत नाहीं. आणि विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांतच निघालेली आहे. त्यांत गंमत अशी कीं, कित्येक जुन्या प्रोग्रामांचें अंग बत्तीस बिटांचें असलें तरी त्यांस संगणकावर बसविणारी लहानशी चावी सोळा बिटांची असते. प्रोग्राम चालला असता, पण उंबऱ्याच्या आंतच येत नाहीं. तिसरी अडचण डोंगलची. चोरून नक्कल होऊं नये म्हणून भारतीय भाषांच्या कित्येक संचांबरोबर संगणकास लावावयाचा एक खटका मिळे. तो ओळखणारा चालक-प्रोग्राम कारभाऱ्याच्या अगदीं आंतल्या खोलींत बसतो, आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्यें त्या खोलींत बत्तीस बिटांच्या चालकास प्रवेश नाहीं. खटका जागेवर आहे, पण त्यास कोणी ओळखीत नाहीं.

यांवर उपाय आहेत, आणि ते सोप्याकडून अवघडाकडे क्रमानें करून पाहावेत. प्रथम प्रोग्रामच्या चिन्हावर उजवें बटण दाबून त्याच्या गुणधर्मांत जावें. तेथें कंपॅटिबिलिटी नांवाचें पान असतें. त्यावर जुन्या विंडोजची चाल निवडतां येते, प्रमुखाच्या अधिकारानें चालविण्याची खूण करतां येते, आणि नव्या बारीक कणांच्या पडद्यावर जुनीं चिन्हें मुंगीएवढीं दिसत असल्यास तीं मोठीं करण्याची सोयहि तेथेंच आहे. पेजमेकरची सातवी आवृत्ति एवढ्यावर पुष्कळ संगणकांत चालू होते. तेवढ्यानें न भागल्यास यंत्रांत यंत्र उभें करण्याचा उपाय आहे. ओरॅकल कंपनीच्या व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रामनें नव्या संगणकाच्या पोटांत एक काल्पनिक संगणक तयार होतो. त्यांत जुनी विंडोज, जुना पेजमेकर आणि जुने फाँट जसेच्या तसे बसवितां येतात. यूएसबीचा डोंगल असल्यास तो या आंतल्या यंत्राच्या हवालीं करतां येतो. मात्र दोन पथ्यें पाळावीं लागतात. जुन्या विंडोजचा परवाना स्वतःचा असावा. आणि जिची देखभाल थांबली आहे अशी विंडोज इंटरनेटला जोडूं नये, कारण तिच्या भिंतींस पडलेलीं भोकें आतां कोणी बुजवीत नाहीं.

येथवर आलेला छापखानदार सुटकेचा श्वास टाकतो. फाईल उघडली, पान दिसलें, छापावयास हरकत नाहीं. पण शाळेच्या मंडळींस मजकुरांत नवी भर घालावयाची आहे, आणि ती भर कोणी तरी मोबाईलवर लिहून पाठविली आहे. ती पेजमेकरमध्यें चिकटविली तर अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. उलट जुन्या अंकांतील एखादा लेख उचलून मोबाईलवर पाठविला, तर वाचणाऱ्यास इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा कचरा दिसतो. प्रोग्राम चालला, तरी भाषा अडली. खरें कुलूप हें दुसरें आहे.

या कुलपाचें मर्म खिळ्यांच्या पेटींत आहे. शिशाच्या खिळ्यांनीं देवनागरी छापतांना अक्षर आणि खिळा एक नसत. अर्धा ख, काना, मात्रा, रफार असे तुकडे वेगळे ओतावे लागत आणि जुळाऱ्यानें ते डोळ्यांस योग्य दिसतील असे शेजारीं बसवावे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें एकोणिसाव्या शतकांत देवनागरी खिळ्यांस जें देखणेपण आणलें, त्यामागें असे शेंकडों निरनिराळे खिळे होते. खिळ्यांची ही गर्दी कमी करावी म्हणून लिपीच बदलावी, असाहि विचार झाला. सावरकर १९२४ ते १९३७ या काळांत रत्नागिरीस स्थानबद्ध असतांना त्यांनीं लिपिशुद्धीचा पुरस्कार केला; इ, ई, उ यांस स्वतंत्र खिळे न ठेवतां अ या एकाच अक्षरास वेलांटी आणि उकार लावावे, ही त्यांतली एक सूचना. यंत्रासाठीं लिपीनें वांकावें कीं लिपीसाठीं यंत्रानें, हा वाद या जिल्ह्यास नवा नाहीं.

संगणकावरील जुने मराठी फाँट म्हणजे हीच खिळ्यांची पेटी होय. एका फाँटांत २५६ खण, आणि त्यांतले कांहीं यंत्राच्या कामासाठीं राखलेले. हे खण मुळांत इंग्रजी अक्षरांचे. प्रत्येक उत्पादकानें त्या इंग्रजी खणांत देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीनें बसविले. हिंदी मुलुखांत फार चाललेल्या कृतिदेव फाँटाचें उदाहरण घ्यावें. त्यांत ‘खेड’ हा शब्द लिहिला म्हणजे संगणक उघडता चौकोनी कंस, लहान के, लहान एस आणि मोठा एम अशीं चार इंग्रजी चिन्हें सांठवितो. कंसाच्या खणांत अर्धा ख, केच्या खणांत काना, एसच्या खणांत मात्रा, एमच्या खणांत ड. डोळ्यांस ‘खेड’ दिसतें. यंत्राच्या लेखीं तो मराठी शब्दच नव्हे. फाँट गेला कीं शब्द गेला. श्रीलिपी, आकृति, सी-डॅकचे फाँट यांच्या पेट्या पुन्हां निराळ्या. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या पेटींत घातला तर तो वाचतां येत नाहीं.

या अव्यवस्थेस आळा घालण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांतहि झाले. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिपींसाठीं पुष्कळ काम केलें, आणि १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें इस्की नांवाची सर्वमान्य संकेतावली जाहीर केली. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींसाठीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि तिनें देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पूर्वींच्या रूपावरून घेतली. तींत देवनागरीस १२८ जागा आहेत. खिळ्यांच्या पेटींत आणि युनिकोडांत भेद असा कीं, युनिकोड तुकड्यांस क्रमांक देत नाहीं, वर्णांस देतो. ‘खेड’ म्हणजे ख, मात्रा आणि ड, असे तीनच क्रमांक. अर्धें अक्षर कसें काढावें, जोडाक्षर कोठें जुळवावें, वेलांटी कोणत्या बाजूस उभी करावी, हें काम फाँटानें आणि प्रोग्रामानें करावयाचें. म्हणून फाँट बदलला तरी शब्द तोच राहतो. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठीची वर्णमाला आणि अक्षरांचीं रूपें ठरवून दिलीं. आज मोबाईलवर, वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर आणि सरकारी कामकाजांत दिसणारी मराठी युनिकोडांतच असते. पेजमेकरास मात्र युनिकोड कधींच कळला नाहीं. त्यामुळें जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर कितीहि कौशल्यानें चालविला, तरी तो आजच्या मराठीशीं बोलूं शकत नाहीं.

म्हणून जुना प्रोग्राम चालू होतो कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे. तो चालू झाल्यावर त्याच्याकडून काय करून घ्यावयाचें, हा मुख्य प्रश्न. भाड्यानें मिळालेल्या होडींतून नदी ओलांडावयाची असते, होडींत बिऱ्हाड थाटावयाचें नसतें.

पहिलें काम पानाचें रूप सुरक्षित करण्याचें. प्रत्येक फाईल उघडून, तिचे फाँट आंत बांधून, तिची पीडीएफ करावी. पेजमेकरच्या आंतून थेट पीडीएफ होत नसल्यास प्रथम पोस्टस्क्रिप्ट फाईल म्हणून छापावी आणि मग डिस्टिलर किंवा घोस्टस्क्रिप्टनें तिची पीडीएफ करावी. दीर्घ काळ जतन करण्यासाठीं ठरविलेला पीडीएफ-ए हा प्रकार २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. शक्य तेथें तो निवडावा. एवढें झालें म्हणजे पान जसें होतें तसें पुन्हां छापतां येतें. पण ही पीडीएफ म्हणजे पानाचें चित्र. त्यांतून शब्द शोधतां येत नाहीं, कारण शब्द अजून जुन्या पेटींतच अडकलेला असतो.

दुसरें काम मजकूर सोडविण्याचें. पेजमेकरच्या सहाव्या व सातव्या आवृत्तींच्या फाईली इनडिझाईनच्या सीएस-६ या २०१२ सालच्या आवृत्तीपर्यंत उघडतां येत; पुढच्या आवृत्तींत ती सोय नाहीं. ज्यांस विकतचें साधन नको त्यांच्यासाठीं लिब्रे-ऑफिस या मोफत प्रोग्राममध्यें २०१५ पासून पेजमेकरच्या आणि २०१२ पासून कोरलड्रॉच्या फाईली उघडण्याची तजवीज आहे. मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर हातीं येतो. तो मूळ फाँटाच्या नांवानिशीं परिवर्तक प्रोग्रामास द्यावा. परिवर्तक प्रत्येक तुकड्याच्या जागीं वर्णाचा क्रमांक लिहितो. जुन्या पेटींत वेलांटी डोळ्यांस दिसते तशी अक्षराच्या आधीं असते, युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें नंतर येते. ‘धर्म’ मधील रफार पेटींत म च्या पाठीमागें असतो, युनिकोडांत र पुढें येतो. ही उलथापालथ यंत्र बहुतेक बिनचूक करतें.

बहुतेक, पण सर्व नव्हे. आणि येथें मराठी जाणणाऱ्या माणसाची गरज लागते. हिंदीसाठीं केलेल्या परिवर्तकास मराठीचा ‘ऱ्य’ पुष्कळदां ठाऊक नसतो. तो ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ करतो. खेडच्या एका बाजूस सह्याद्रीच्या दऱ्या आणि दुसऱ्या बाजूस कांहीं कोसांवर दर्या; तेथल्या लेखांत हा फरक म्हणजे भूगोलच फिरला. ‘आचाऱ्यास पागोटें दिलें’ याचें ‘आचार्यास पागोटें दिलें’ होतें, आणि स्वयंपाक्याचा मान शिक्षकाकडे जातो. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ सालच्या युनिकोडांत मिळाला; त्यापूर्वींच्या मजकुरांत तें अ आणि चंद्र असें दोन तुकड्यांचें असतें, म्हणून शोधणाऱ्यास तें सांपडत नाहीं. अशा चुका शुद्धलेखन तपासणारें यंत्र धरीत नाहीं, कारण ‘दर्या’ हाहि शब्द खराच आहे. छापील प्रत शेजारीं ठेवून एकानें वाचावें आणि दुसऱ्यानें पाहावें, ही प्रूफें तपासण्याची जुनी रीतच येथें उपयोगी पडते. शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांकडून आणि निवृत्त शिक्षकांकडून हें काम उत्तम होतें.

तिसरें काम नव्या पानाचें. इनडिझाईनच्या सीएस-६ पासून पुढच्या आवृत्तींत मराठी युनिकोड चालतो. स्क्रायबस या मोफत प्रोग्रामच्या २०२४ सालच्या १.६ आवृत्तींतहि देवनागरी नीट जुळते. फाँट निवडतांना मराठी वळणाचे ल आणि श त्यांत आहेत कीं नाहींत तेवढें पाहावें. आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवावी, कारण कित्येक फाँटांत हीं वळणें भाषा कळल्यावरच उमटतात. एक टाईप या मुंबईच्या मंडळीचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत मिळतात, आणि त्यांवर तालुक्याच्या गांवचेंहि काम उत्तम होतें.

या सर्वांस वेळ लागतो, आणि धंद्याच्या गर्दींत वेळ काढणें कठीण असतें. परंतु दिरंगाईची किंमत खेडच्या बाजारपेठेस वेगळी सांगावयास नको. २०२१ च्या जुलै महिन्यांत जगबुडीचें पाणी गांवांत शिरलें तेव्हां तळमजल्यावरचें सामान वांचविणें कित्येकांस शक्य झालें नाहीं. पाणी फाईल आणि कागद असा भेद करीत नाहीं. जुन्या संगणकाची चकती, तिच्याच शेजारीं ठेवलेली सीडी आणि कपाटांतील शेवटची छापील प्रत, तिन्ही एकाच खोलींत असतील तर त्या तीन प्रती नव्हेत, एकच प्रत होय. सोडविलेल्या मजकुराची एक नक्कल गांवांतच उंचावर, एक दुसऱ्या गांवीं नातलगाकडे आणि एक इंटरनेटवरील सांठ्यांत असावी.

शाळेच्या त्या अंकाकडे पुन्हां वळावें. छापखानदारानें जुना पेजमेकर नव्या संगणकाच्या पोटांत चालू केला, पानांची पीडीएफ केली, मजकूर सोडविला, आणि दोन निवृत्त शिक्षकांनीं तो तपासला, तर पंचाहत्तराव्या वर्षाचा अंक निघतो. एवढेंच नव्हे, तर शंभराव्या वर्षाचा अंक काढणारास हें काम पुन्हां करावें लागत नाहीं. त्यानें फाईल केवळ उघडून पाहिली आणि जुन्याच यंत्रावर छापून दिली, तर अंक याहि खेपेस निघेल, परंतु कुलूप तसेंच राहील. आणि पुढच्या खेपेस तें उघडण्याची युक्ति जाणणारा माणूस गांवांत असेलच असें नाहीं. खिळे धुऊन खणांत टाकणाऱ्या जुळाऱ्यास एवढें तरी ठाऊक असे कीं पान आतां मोडलें. संगणकावरचें पान मोडतें तेव्हां आवाज होत नाहीं. तें जोंवर उघडतें आहे तोंवरच त्यांतला मजकूर बाहेर काढून ठेवावा.